‘गप्प बस’ आणि शांत बसणं

मराठी घरात मुलगी बोलायला लागली, की पाठोपाठ तिला एक हुकूम मिळतो : गप्प बस. मोठ्यांसमोर गप्प बस, पाहुण्यांसमोर गप्प बस, भाऊ चिडलाय ना, मग तू तरी गप्प बस. लग्न झालं की भांड्याकुंड्यांबरोबर हा हुकूमही सासरी जातो. नोकरीला लागली की तो हापिसात तिची वाट बघत असतो. अलीकडे या जुन्या हुकमाने नवं लुगडं नेसलंय. आता कोणी ‘गप्प बस’ म्हणत नाही. म्हणतात, ‘ध्यान करा’, ‘श्वासाकडे लक्ष द्या’, ‘सजग राहा’, ‘मनाला लावून घेऊ नका’.

मैत्रिणींनो, हा लेख ध्यानाच्या विरोधात नाही. गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी वीस मिनिटं बसते. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चटई टाकून. मला त्याचा उपयोग होतो आणि म्हणूनच मला या विषयावर भांडायचं आहे. ज्या गोष्टीने मला बळ दिलं, तीच गोष्ट दुसऱ्या बायांचं तोंड बंद करायला वापरली जाते, हे मी आमच्या सल्ला केंद्रात आणि बाहेरही वारंवार पाहते. बसणं चांगलं की वाईट, हा माझा प्रश्न नाही. कोण कोणाला बसायला सांगतंय, केव्हा सांगतंय, आणि त्या वेळात घरचं काम कोण करतंय, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या उपनगरांना हा विषय नवा नाही. १९१८ साली अंधेरीच्या बाजूला वर्सोव्याला योगेंद्रजींनी योग संस्था काढली. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी बायांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं, ते १९३४ साली. १९६९ साली सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून मुंबईत आले आणि त्यांनी विपश्यनेचं पहिलं शिबिर घेतलं. १९७६ पासून इगतपुरीला केंद्र उभं राहिलं. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराईला जो सोनेरी पॅगोडा दिसतो, त्याचं उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी झालं, तेही एका बाईच्या हातून, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या. मध्ये एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. २०१५ पासून २१ जूनला योगदिन असतो, तेव्हा सोसायट्यांच्या गच्च्या चटयांनी भरतात. म्हणजे जागा आहेत, शिकवणारे आहेत, पैशाचीही मोठी अडचण नाही. विपश्यनेच्या शिबिराला तर फी नसते. राहणं-जेवण आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं.

या इतिहासातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गोयंका १९६९ साली भारतात आले त्याचं मोठं कारण त्यांची आई होती. ती मुंबईत होती, मनाने आजारी होती. त्या पहिल्या शिबिरात जेमतेम चौदा माणसं होती आणि त्यांत त्यांचे आईवडील होते. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या साधनेच्या भारतातल्या सुरुवातीला एक थकलेली आई आहे. तिला बसता यावं म्हणून तिच्या मुलाने देश ओलांडला. आपल्या घरातल्या थकलेल्या आईला बसता यावं म्हणून मुलगा, नवरा, सासरा काय ओलांडतात? गॅसपर्यंतचं अंतर तरी?

आता हिशेब करू. दहा दिवसांचं शिबिर संपलं की साधकाला सांगितलं जातं : रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. सल्ला चांगलाच आहे. पण हे दोन तास बाईने आणायचे कुठून? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस मोजला आहे. घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात रोजचा सरासरी वेळ गेला २८९ मिनिटं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. मुलांचं, आजाऱ्याचं, म्हाताऱ्यांचं करण्यात बायांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. हे सगळं बिनपगारी. २०१९ च्या पाहणीत घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषाचीही नऊ मिनिटं वाचली! पाच तास घरकाम, त्यावर नोकरी, त्यावर विरार-चर्चगेट किंवा मुलुंड-सीएसएमटीचा प्रवास. अशा दिवसातून दोन तास काढायचे तर ते फक्त झोपेतून निघतात. पहाटे चारला उठून ध्यान करणाऱ्या बाईचं कौतुक करणारे लोक ती रात्री बाराला भांडी घासत होती हे सांगत नाहीत. झोप मोडून मिळवलेल्या शांतीला मी साधना म्हणत नाही. ती चौथी पाळी आहे.

दहा दिवसांचंही तसंच. आपल्या राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सोय केली आहे. चांगलं केलं. पण घरकाम करणाऱ्या मोलकरणीला अशी रजा कोण देतं? तिच्या मालकीणबाई शिबिराला जातात तेव्हा हिला रोज दोन वेळा यावं लागतं, कारण घरी साहेबांचं जेवण असतं. गृहिणीला तर रजा हा शब्दच लागू नाही. एप्रिल १९९४ मध्ये किरण बेदी तिहार तुरुंगाच्या प्रमुख असताना तिथे हजाराहून जास्त कैद्यांचं शिबिर झालं, त्याची जगभर वाहवा झाली. व्हायलाच हवी होती. पण जरा विचार करा : गजाआडच्या माणसाला दहा दिवस बसायला मिळाले आणि भांडुपच्या चाळीतल्या बाईला मिळत नाहीत. ती विचारते, ‘ताई, मी गेले तर पाणी कोण भरणार?’

शिबिर करून आलेल्या बायांना मी मुद्दाम विचारते, काय आवडलं? ध्यानाच्या आधी बहुतेकजणी एकच गोष्ट सांगतात : दहा दिवस मला कोणीतरी तयार ताट दिलं. कोणी हाक मारली नाही. कोणी विचारलं नाही की माझा शर्ट कुठे आहे. मनाला जे हलकं वाटलं त्यातलं श्वासाचं किती आणि त्या ताटाचं किती, हे आपण प्रामाणिकपणे तपासायला हवं.

आता हापिसांकडे या. दोन वर्षांपूर्वी ८ मार्चला अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत मला बोलायला बोलावलं होतं. आधी प्रत्येकीला गुलाब, मग एका तज्ज्ञ बाईंचं सजगतेचं सत्र, मग मी. सत्रात सांगितलं गेलं की ताण बाहेर नसतो, तो आपल्या प्रतिक्रियेत असतो. जेवताना मुली माझ्याभोवती जमल्या. गेले वर्षभर त्या एकच मागणी करत होत्या : रात्री नऊनंतर सुटणाऱ्या पाळीला घरी सोडायला गाडी द्या. मरोळच्या रस्त्यावर रिक्षा मिळत नाही, मिळाली तर भीती वाटते. मागितली गाडी आणि मिळाला श्वास! त्यातली एकजण म्हणाली, ‘ताई, डोळे मिटून बसले तेव्हा मला तोच रस्ता दिसत होता.’ मला विचाराल तर त्या सभागृहात खरं ध्यान तिचंच लागलं होतं. जे आहे ते तिला स्पष्ट दिसत होतं.

याहून गंभीर प्रकार सल्ला केंद्रात दिसतो. कपाळाला टाके पडलेली बाई समोर बसलेली असते आणि नवरा, दीर, कधी तिचे स्वतःचे वडीलही म्हणतात, ‘मॅडम, हिला दहा दिवस शिबिराला पाठवा, डोकं शांत होईल.’ पोलीस चौकीतही हेच ऐकायला मिळतं : ‘वहिनी, मन शांत ठेवा, घरी जा.’ मारणारा तो आणि साधना करायची हिने! कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम, हे सगळं त्यात मागता येतं. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते मार खाऊन आलेली बाई केसपेपरवर फक्त ‘पडली’ म्हणून नोंदली जाऊ नये, तिची विचारपूस व्हावी यासाठी. एवढ्या वर्षांच्या झगड्यातून मिळवलेल्या या वाटा एका डोळेमिटीत बुजवू द्यायच्या नाहीत. म्हणून आमच्या केंद्रात नियम आहे : आधी बाईची सुरक्षितता, मग दवापाणी, मग कायदा, मग पोट. मन शांत करण्याची गोष्ट बाई स्वतः विचारेल तेव्हाच. आणि शिबिराला जायचंच असेल तर मारणाऱ्याने जावं. त्याच्या डब्याची व्यवस्था आम्ही बघू!

आणखी एक सावधगिरी. जिच्यावर अत्याचार झालाय तिला डोळे मिटून अंगाकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर कधी कधी सगळं पुन्हा अंगावर येतं. श्वास कोंडतो, घाम फुटतो. ती कमजोर आहे म्हणून असं होत नाही. तिचं शरीर लक्षात ठेवतं म्हणून होतं. तिला ‘बस, जाईल’ म्हणून दामटून बसवणं हा दुसरा अत्याचार आहे. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकवावेत, खिडकीतून दिसणाऱ्या चार वस्तू मोजाव्यात, आणि जाणत्या समुपदेशक बाईची किंवा डॉक्टरची मदत घ्यावी.

मग मी बसते कशासाठी? आमच्या जुन्या सहकारी मला टोचतात, ‘अगं, मोर्च्यातली तू, आता बुवांच्या नादी?’ त्यांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ध्यान शिकवणाऱ्या आसाराम बापूला अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल जोधपूरच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये जन्मठेप दिली. शांतीच्या नावाखाली बाईला एकटीला खोलीत बोलावणारे गावोगाव आहेत. म्हणून माझा साधा निकष आहे : जो म्हणतो प्रश्न विचारू नकोस, जो म्हणतो घरी सांगू नकोस, जो अंगाला हात लावतो, त्याच्या दारातून सरळ मागे फिरायचं. पण बुवा वाईट म्हणून श्वास बुवाचा होत नाही. श्वास आपलाच असतो.

पाली भाषेत या सजगतेला ‘सति’ म्हणतात, म्हणजे स्मृती, भान. आपल्याकडे सती म्हणजे काय होतं ते ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानातल्या देवराळ्याने दाखवलं, रूप कंवरच्या चितेवर. मला पहिली सति हवी आहे. तीच दुसऱ्या सतीला नाही म्हणायला शिकवते. वीस मिनिटं बसल्यावर मला कळतं की जबडा आवळलेला आहे, खांदे कानाला लागलेत, आणि काल सभेत कोणी मला मध्येच तोडलं त्याचा राग अजून छातीत आहे. तो राग मी घालवत नाही. त्याचं नाव मला कळतं, आणि मग त्या दिवशी पोरावर न ओरडता ज्याच्यावर बोलायचं त्याच्याशी मी बोलते. स्त्री-आरोग्याच्या शिबिरांत आपण आपलं शरीर ओळखायला शिकलो, ‘लाज’ म्हणून झाकून ठेवलेलं स्वतःच्या नजरेने पाहिलं. मनाचंही तसंच आहे. ते वैद्याच्या, बुवाच्या किंवा नवऱ्याच्या ताब्यात का द्यायचं?

हे पळपुटेपण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी घाटकोपरच्या रमाबाई नगरची आठवण करावी. बाबासाहेबांनी १९५६ साली जो धम्म दिला, त्यात दुःख म्हणजे नुसती मनाची अवस्था नव्हती. माणसाने माणसाला दिलेलं दुःखही त्यात होतं, आणि ते दूर करणं हे धम्माचं काम होतं. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर तिथे पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. रोज वंदना घेणारी ती वस्ती न्याय मागत रस्त्यावर राहिली. वंदनेने त्यांना गप्प केलं नाही. म्हणजे शांत बसणं आणि गप्प बसणं या दोन गोष्टी आहेत, हे आपल्याच शेजाऱ्यांनी आपल्याला केव्हाच दाखवून दिलंय.

काही मंडळी बायांना वेगळंच गोड बोलून फसवतात. म्हणतात, ‘तुम्हाला वेगळं ध्यान कशाला? दळण, कांडण, पोळ्या लाटणं हेच तुमचं ध्यान. मन लावून करा.’ जात्यावर बाया गायल्या हे खरं, पण जातं गोड होतं म्हणून नव्हे. ते जड होतं म्हणून. जनाबाईची कथा सगळ्यांना पाठ असते, पण तिचा अर्थ कोणी सांगत नाही. जनी नाम घेत दळत होती तेव्हा विठ्ठलाने तिला लांबून ‘मन लावून दळ’ असा उपदेश केला नाही. तो आला आणि त्याने खुंट्याला हात लावला. देवाला जे कळलं ते घरधन्याला कधी कळणार? आणि थेरीगाथेतली मुत्ता थेरी तर आपल्या मुक्तीचा हिशेबच देते : उखळापासून सुटले, मुसळापासून सुटले, कुबड्या नवऱ्यापासून सुटले. अडीच हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्यांनी हेही सांगावं. त्या भिक्खुणीने उखळाला ध्यान म्हटलं नाही. उखळ सुटल्याला मुक्ती म्हटलं.

तसाच दुसरा सल्ला : ‘लोकलमध्ये करा की!’ ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुटली. तेव्हापासून आपण त्या गाडीत भाजी निवडतो, स्वेटर विणतो, वाढदिवस करतो, भजनं म्हणतो, रडतोही. बसायला जागा मिळाली आणि डोळे मिटले तर उत्तमच. पण तो वेळ आधीच आपला आहे, घासाघीस करून मिळवलेला. बाईने ध्यानही आपल्याच विसाव्यातून कापून करायचं, आणि घरातल्या कोणाच्या मिनिटालाही धक्का लागायचा नाही, हा कुठला न्याय? मला वीस मिनिटं घरातून हवी आहेत.

म्हणून रोजची सवय कशी लावायची हे विचारणाऱ्या मैत्रिणींना मी आसन शिकवायच्या आधी वाटाघाट शिकवते. पहिली गोष्ट वेळ. पाण्याची वेळ सोडून, डब्याची वेळ सोडून जी उरेल ती शोधायची नाही. उलट, डब्याच्या वेळेतलीच वीस मिनिटं घ्यायची आणि तेवढ्या वेळात कुकर कोण लावणार ते नाव घेऊन ठरवायचं. दुसरी गोष्ट जागा. एका खोलीत सहा माणसं असतील तर गॅलरी, गच्ची, बुद्धविहार, मंडळाची खोली, शेजारणीचं घर चालेल. दोघी मिळून बसल्या तर घरचे हाक मारायला कचरतात. तिसरी गोष्ट, कमीपासून सुरुवात : पाच मिनिटं. पाठ टेकून, खुर्चीवर, कसंही. नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. मन पळालं, पळणारच, की परत आणायचं. गॅसवर दूध आठवलं तर ते कोणाचं काम आहे हेही आठवायचं. चौथी गोष्ट, एखादा दिवस चुकला तर स्वतःला बोल लावायचे नाहीत. आपल्याला बोल लावायला घरात माणसं पुरेशी आहेत.

मी माझ्या घरी हे ठरवायला गेले तेव्हा आठ दिवस अबोला झाला. ‘वीस मिनिटांनी काय होणार आहे?’ असं विचारलं गेलं. मी म्हटलं, काहीच होणार नसेल तर द्यायला हरकत काय? आज नवरा चहा करतो, मुलगा स्वतःचा डबा भरतो. पोळ्या जाड होतात, चालतं. अकरा वर्षांत मला श्वासाने जेवढं शिकवलं तेवढंच या भांडणाने शिकवलं.

संघटनांतल्या बहिणींना माझं सांगणं आहे. ध्यानाला हसू नका आणि ते डोळे झाकून स्वीकारूही नका. मोर्चे, कोर्टाच्या तारखा, रात्री-बेरात्री येणारे फोन यांनी आपल्यातल्या कितीतरी कार्यकर्त्या थकून, आजारी पडून बाजूला गेल्या. त्यांच्या थकव्याची आपण कधी बैठक घेतली का? बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटं शांत बसायला काय हरकत आहे? पण त्याच बैठकीत प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा : तुझी रोजची वीस मिनिटं कुठून येणार? त्या वेळात तुझं काम कोण करणार? तू कुठे बसणार? उत्तरं लिहून घ्या. तीन महिन्यांनी परत विचारा. पुढच्या ८ मार्चला कंपनीने गुलाब आणि श्वासाचं सत्र देऊ केलं, तर आधी गाडीची, पाळणाघराची, स्वच्छ संडासाची यादी टेबलावर ठेवा. ती मंजूर होऊ दे. मग खुशाल डोळे मिटू, सगळ्याजणी मिळून.